‘गुन्हा कबूल’ म्हणण्यापूर्वी

आपल्याकडच्या कुठल्याही दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सकाळी अकराच्या सुमारास जाऊन बसावे. किरकोळ खटल्यांचा पुकारा चाललेला असतो. कोणी विनापरवाना फेरीचा धंदा केलेला, कोणी रेल्वेचे रूळ ओलांडलेला, कोणी रस्त्यात आरडाओरडा केलेला. शिपाई नाव पुकारतो, इसम पिंजऱ्यापाशी येऊन हात जोडतो. ‘गुन्हा कबूल आहे?’ ‘कबूल आहे, साहेब.’ इतके रुपये दंड, न भरल्यास इतके दिवस कैद. दंडाची पावती खिशात घालून तो मनुष्य बाहेरच्या टपरीवर चहा प्यायला मोकळा! त्याने तो गुन्हा खरोखर केला होता की नाही, हा प्रश्न तेथे कोणाला पडत नाही. बहुधा त्याला स्वत:लाही नाही. खटला लढवायचा म्हणजे वकील आला, तारखा आल्या, बुडालेली रोजंदारी आली. त्यापेक्षा कबूल म्हणावे आणि सुटावे. सुंठीवाचून खोकला गेला.

‘कबूल’ हा शब्द आपल्या लेखी असा मामला मिटवणारा आहे. शिक्षा भोगली, दंड भरला, हिशेब संपला. न्यायाविषयीची आपली सर्वसाधारण समजूतही अशीच आहे. परंतु जो माणूस ज्या देशात राहतो त्या देशाचा नागरिक नसेल, तर हाच शब्द त्याचा मामला मिटवीत नाही. खरा मामला तेथून पुढे सुरू होतो. हे सर्वांत ठसठशीतपणे दिसते ते अमेरिकेत. ज्या देशात आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतील मुलगा, सून, भाचा किंवा शेजारी राहतो आहे, त्या देशाच्या कायद्यातला हा कोपरा म्हणूनच आपणही नीट पाहून ठेवायला हवा.

न्यायालय की बाजारपेठ?

अमेरिकन न्यायालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्रपटातले दृश्य येते. बारा ज्यूरर, घणाघाती उलटतपासणी, शेवटच्या क्षणी उलटणारा साक्षीदार. वस्तुस्थिती फार निराळी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली नोंदविल्याप्रमाणे संघराज्याच्या न्यायालयांत होणाऱ्या दोषसिद्धींपैकी ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीतून होतात. ज्यूरीसमोर खटला चालणे हा अपवाद. सौदा हा नियम.

सौद्याची रीत साधी आहे. सरकारी वकील म्हणतो, खटला लढवलास आणि हरलास तर पाच वर्षे. आज कबूल केलेस तर एक वर्ष. एखादे कलम गाळतो, एखादे सौम्य करतो. बचावाचा वकील पुरावा पाहतो, अशिलाला बाजूला घेतो आणि सांगतो, घेऊन टाक. जो अमेरिकेचा नागरिक आहे त्याच्यासाठी हे शेवटी गणित आहे. पाचातून एक वजा केले की चार वर्षांचा नफा. परक्या देशाच्या नागरिकासाठी मात्र या गणितात एक अंक लिहिलेलाच नसतो. तो अंक हद्दपारीचा.

हद्दपारी म्हटले की आपल्याला तडीपारी आठवते. आपल्या पोलीस कायद्याखाली गुंडाला जिल्ह्यातून तडीपार करतात, पण जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. मुदत संपली की तो पुन्हा आपल्या गल्लीत. अमेरिकेतून गंभीर गुन्ह्यासाठी हद्दपार झालेल्या माणसाला असा परतीचा दिवस नसतो. विशेष परवानगीचा दुर्मीळ अपवाद सोडला तर ते दार कायमचे बंद होते. मग मागे बायको असो, तेथेच जन्मलेली मुले असोत, की म्हातारे आईबाप.

मेम्फिसचा एक उपाहारगृहवाला

जे ली या माणसाची हकीकत या दृष्टीने समजून घेण्याजोगी आहे. १९८२ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तो आईवडिलांबरोबर दक्षिण कोरियातून अमेरिकेत आला. पुढे आईवडील रीतसर अमेरिकन नागरिक झाले. ली मात्र ‘ग्रीन कार्ड’वरच, म्हणजे कायम निवासाच्या परवान्यावर राहिला. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात त्याची दोन उपाहारगृहे होती. कोरियाला तो एकदाही परत गेला नव्हता.

२००९ साली पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली. ‘एक्स्टसी’ या अमली पदार्थाच्या ८८ गोळ्या, काही रोकड आणि एक भरलेली रायफल सापडली. गोळ्या आपल्याच असल्याचे त्याने मान्य केले. विक्रीच्या हेतूने बाळगल्याचा आरोप झाला. पुरावा भक्कम होता, यात वाद नाही. वकिलाने सौद्याचा सल्ला दिला. ली पुन:पुन्हा एकच विचारत होता: मला देशाबाहेर काढतील का? वकिलाने त्याला निश्चिंत राहायला सांगितले. त्या भरवशावर ली कबुलीला तयार झाला.

न्यायालयात न्यायाधीशांनी रिवाजाप्रमाणे त्याला बजावले की, या कबुलीमुळे तुला हद्दपार करण्यात येऊ शकते. याचा तुझ्या निर्णयावर काही परिणाम होतो का? ली म्हणाला, होतो. कसा, असे न्यायाधीशांनी विचारताच तो गोंधळला आणि त्याने वकिलाकडे पाहिले. वकिलाने सांगितले, ही नेहमीची ठरावीक सूचना आहे. मग लीने कबुली दिली. शिक्षा झाली एक वर्ष आणि एक दिवस. तुरुंगात गेल्यावर त्याला कळले की, ज्या कलमाखाली आपण कबुली दिली, त्या कलमाखाली हद्दपारी जवळजवळ अटळ आहे.

२०१७ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सरकारचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता. वकील चुकला हे मान्य. पण खटला लढवून ली जिंकला असता थोडाच? मग त्याचे नुकसान ते काय झाले? सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी बहुमताच्या निकालपत्रात याचे जे उत्तर दिले, त्यात कायद्यापेक्षा माणसाची समज अधिक आहे. ज्याला हद्दपारी हाच सर्वांत मोठा घाला वाटतो, तो जिंकण्याची आशा तुटपुंजी असली तरी खटला लढवण्याचा धोका पत्करील. आणि असे करणे अविचाराचे म्हणता येणार नाही. सहा विरुद्ध दोन मतांनी ली जिंकला. तोवर आठ वर्षे गेली होती.

शब्द फुगला कसा?

असा कायदा आला कोठून, हे पाहू लागले की एक चमत्कारिक इतिहास समोर येतो. हद्दपारी ही शिक्षा नव्हेच, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ साली चिनी मजुरांच्या एका प्रकरणात ठरवून टाकले. शिक्षा नाही म्हणजे शिक्षेबरोबर येणारी संरक्षणेही नाहीत. आजही इमिग्रेशन न्यायालयात उभ्या राहणाऱ्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला तो मिळतो. पण जेथे त्याचे अवघे आयुष्य पणाला लागलेले असते, तेथे त्याने आपला वकील आपल्या पैशाने आणावा किंवा एकट्याने उभे राहावे.

तरीही फार काळ या कायद्याला एक झडप होती. १९१७ सालापासून शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाला, ‘या माणसाला हद्दपार करू नये’ अशी शिफारस करता येत असे आणि ती बंधनकारक असे. माणूस समोर उभा, गुन्हा समोर, कुटुंब समोर; काय योग्य ते न्यायाधीशाने ठरवावे. १९९० साली ही तरतूद काढून टाकण्यात आली.

त्याआधी १९८८ साली अमली पदार्थविरोधी कायद्याच्या पोटात एक नवा शब्दप्रयोग जन्माला आला होता. मराठीत त्याला ‘तीव्र स्वरूपाचा महाअपराध’ म्हणता येईल. तेव्हा त्यात तीनच गोष्टी होत्या: खून, अमली पदार्थांचा व्यापार आणि शस्त्रांचा चोरटा व्यापार. याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. पण पुढे शब्द तोच राहिला आणि पोट वाढत गेले. १९९६ साली एप्रिल आणि सप्टेंबर महिन्यांत अध्यक्ष क्लिंटन यांनी दोन कायद्यांवर सह्या केल्या आणि ते पोट जवळपास सर्वकाही गिळू लागले. हिंसेच्या गुन्ह्यासाठी आधी पाच वर्षांच्या शिक्षेची अट होती. ती एक वर्षावर आली. चोरीलाही तीच अट लागू झाली. फसवणुकीत दोन लाख डॉलरची मर्यादा होती. ती दहा हजारांवर आली. शिवाय ही नवी व्याख्या जुन्या गुन्ह्यांनाही लागू झाली. दहा वर्षांपूर्वी कबुली देऊन, शिक्षा संपवून संसाराला लागलेला माणूस एका रात्रीत हद्दपारीस पात्र ठरला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने निदान इतके तरी म्हटले की, ज्यांनी १९९६ पूर्वी दयेच्या जुन्या तरतुदीवर विसंबून कबुली दिली, त्यांच्याकडून ती तरतूद मागाहून हिरावून घेता येणार नाही.

कायद्यातल्या खाचाखोचा पाहिल्या की सामान्य माणसाची मती गुंग होते. तुरुंगवास झालाच नाही, शिक्षा स्थगित ठेवली, तरी कायद्याच्या हिशेबी ती पूर्ण शिक्षा. न्यायाधीशाने दोषी न ठरवता चांगल्या वर्तणुकीची संधी दिली, पण आरोपीने आधी कबुली दिलेली असली आणि त्याच्यावर काही निर्बंध घातलेले असले, तर ती दोषसिद्धीच. राज्याच्या कायद्याने पुढे नोंद पुसून टाकली, तरी इमिग्रेशनच्या वहीत ती सहसा पुसली जात नाही. ‘मी गुन्हा मान्य करीत नाही, पण आरोपाला आव्हानही देत नाही’ असा एक मधला मार्ग अमेरिकन न्यायालयांत आहे. त्यानेही सुटका नाही.

एका दिवसाने काय फरक पडतो, असे आपण सहज म्हणून जातो. येथे ३६५ दिवसांची शिक्षा आणि ३६४ दिवसांची शिक्षा यांत एक देश मावतो! हिंसा किंवा चोरीच्या गुन्ह्यात वर्षाची शिक्षा झाली तर ‘महाअपराध’. एक दिवस कमी असेल तर नाही. वॉशिंग्टन राज्याने २०११ साली, कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ साली आपल्या कायद्यांत किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा एका दिवसाने कमी केली, ती याचसाठी. एका देशाच्या राज्यांना त्याच देशाच्या कायद्यापासून माणसे वाचवण्यासाठी कॅलेंडरमधला एक दिवस खोडावा लागतो, यातच सर्व आले.

वकिलाचे मौन

या सगळ्यात निर्णायक ठरला तो ३१ मार्च २०१० रोजीचा ‘पडिया विरुद्ध केंटकी’ हा निकाल. पडिया मूळचा होंडुरासचा. चाळीसहून अधिक वर्षे अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेली. पुढे मालट्रक चालवण्याचा व्यवसाय. २००१ साली केंटकी राज्यात त्याच्या ट्रकमध्ये मोठ्या प्रमाणावर गांजा सापडला. वकिलाने सांगितले, तू इतकी वर्षे येथे आहेस, तुला इमिग्रेशनची काळजी नको. त्याने कबुली दिली. हा सल्ला साफ चुकीचा होता. कायद्याचे पुस्तक उघडून ते कलम वाचले असते तरी कळण्यासारखे होते.

तोपर्यंत बहुतेक न्यायालयांची भूमिका अशी की, वकिलाने शिक्षेविषयी सांगावे. हद्दपारी हा ‘आनुषंगिक’ परिणाम, त्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी ही भिंत पाडली. हद्दपारी ही गुन्ह्याच्या शिक्षेशी इतकी निगडित झाली आहे की तिला बाजूला काढताच येत नाही, असे त्यांनी म्हटले. जेथे कायदा स्पष्ट आहे तेथे वकिलाने स्पष्ट व अचूक सल्ला दिला पाहिजे. जेथे तो गुंतागुंतीचा आहे तेथे निदान धोक्याची जाणीव दिली पाहिजे. गप्प बसणे चालणार नाही. निकालाशी सात न्यायमूर्ती सहमत होते, दोघांचा विरोध होता.

विरोधी मत मांडणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. राज्यघटनेने आरोपीला वकील दिला तो खटल्यातल्या बचावासाठी. जगातल्या सगळ्या परिणामांची माहिती पुरवण्यासाठी नव्हे. ही रेघ एकदा ओलांडली तर थांबायचे कोठे? प्रश्न रास्त आहे. पण नोकरी जाणे, परवाना रद्द होणे आणि घरदारासकट देश जाणे या एकाच मापाने मोजण्याच्या गोष्टी आहेत काय?

तीन वर्षांनी, २०१३ मध्ये, याच न्यायालयाने ठरवले की ज्यांचे खटले पडिया निकालापूर्वीच अंतिम झाले होते, त्यांना त्याचा लाभ नाही. म्हणजे ज्यांना आधी चुकीचा सल्ला मिळाला किंवा मिळालाच नाही, अशांपैकी बहुतेकांच्या हाती काहीच पडले नाही. आणि ज्यांना लाभ आहे, त्यांचेही सारे वकिलावर अवलंबून. फौजदारी वकिलाला इमिग्रेशनचा कायदा येत नाही, इमिग्रेशनच्या वकिलाकडे माणूस पोहोचतो तेव्हा कबुलीची सही वाळून गेलेली असते. सरकारी बचाव वकिलाच्या टेबलावर तर फायलींचा ढीग असतो.

आपल्या घरातला प्रश्न

वाचकांपैकी कोणी म्हणेल, अमली पदार्थ विकणाऱ्यांचे हे दुखणे. आपल्या सरळमार्गी मुलांचा याच्याशी काय संबंध? हा भ्रम आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात हरलेले एक जपानी दांपत्य १९८४ पासून अमेरिकेत कायम निवासी होते आणि उपाहारगृहे चालवीत होते. त्यांचा गुन्हा काय? १९९७ साली पतीने खोटे प्राप्तिकर विवरणपत्र भरल्याची आणि पत्नीने त्यात मदत केल्याची कबुली दिली होती. बुडवलेला कर दहा हजार डॉलरहून अधिक, सबब ‘महाअपराध’. जमैकाहून तीन वर्षांचा असताना आलेल्या एका तरुणाच्या गाडीत १.३ ग्रॅम गांजा सापडला होता. दोन-तीन सिगारेटी होतील इतका. त्यालाही अमली पदार्थांचा व्यापारी ठरवून हद्दपारीचा आदेश झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो हाणून पाडला, पण तेथवर जाण्याइतके बळ किती जणांत असते?

आपल्या मुलांच्या बाबतीत प्रसंग बहुधा याहून साधे असतात. मोठ्या दुकानात स्वयंचलित काउंटरवर दोन वस्तूंचे पैसे न देता बाहेर पडणे. पार्टीनंतर गाडी चालवणे. नवरा-बायकोच्या भांडणात कोणीतरी पोलिसांना फोन लावणे. वकील म्हणतो, कबूल करा, थोडा दंड आणि समाजसेवेचे काही तास, विषय संपला. आपल्याकडचा तो पिंजऱ्यापाशी हात जोडून उभा असलेला माणूस आपल्या सर्वांच्याच मनात दडलेला असतो. तोही म्हणतो, घेऊन टाक. आणि माणूस आगीतून फुफाट्यात पडतो. चोरी हा ‘नैतिक अध:पतनाचा’ गुन्हा गणला जातो. घरगुती हिंसाचाराची दोषसिद्धी हे १९९६ पासून हद्दपारीचे स्वतंत्र कारण आहे. हिंसाचारापासून संरक्षण देणारा न्यायालयाचा आदेश मोडल्याचे ठरले, तर दोषसिद्धीचीही गरज नाही. व्हिसावर असलेल्यांचे तर आणखी नाजूक. नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारने अचानक रद्द केल्या. त्यांत भारतीय पुष्कळ होते आणि अनेकांच्या बाबतीत पोलिसांशी आलेला जुना, किरकोळ संबंध एवढेच कारण दिसत होते. न्यायालयांत दावे दाखल झाल्यावर एप्रिलअखेरीस त्या नोंदी पूर्ववत करण्यात आल्या. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या भारतातील दूतावासाने जाहीरपणे बजावले की, चोरी किंवा मारहाण केल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढेही मिळणे कठीण होईल. जानेवारी २०२५ मध्ये तर असा कायदा झाला की, वैध कागदपत्रांविना राहणाऱ्यावर दुकानातील चोरीचा नुसता आरोप असला, तरी त्याला कोठडीत ठेवणे सक्तीचे.

दुसरी बाजू दृष्टीआड करून चालणार नाही. ज्याने गुन्हा केला, आणि जो पाहुणा आहे, त्याला देशात का ठेवावे, असे अमेरिकन नागरिकाने विचारले तर त्यात गैर काय? आपणही आपल्या देशात हेच विचारू. गुन्ह्याला बळी पडलेल्यांचाही देश आहे. परंतु याच कायद्याची झळ बळी पडलेल्यालाही लागते, हे विसरले जाते. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली आपली एखादी मुलगी मार खाते आणि पोलिसांना फोन करीत नाही. कारण त्याची दोषसिद्धी म्हणजे त्याची हद्दपारी, आणि त्याचा व्हिसा गेला की तिचाही गेला. पोलिसांना सहकार्य करणाऱ्या पीडितांसाठी अमेरिकेने २००० साली निराळा व्हिसा निर्माण केला आहे. पण तो आहे हेच पुष्कळजणींना ठाऊक नसते. प्रश्न गुन्हेगाराला सोडून देण्याचा नाही. गुन्ह्याच्या मानाने शिक्षा असावी आणि ती काय आहे हे कबूल करण्यापूर्वी माणसाला कळावे, एवढाच आहे. बाजारात भाजी घेणाराही आधी भाव विचारतो.

आपल्याकडेही २००६ सालापासून फौजदारी कायद्यात अशा सौद्याची तरतूद आली आहे, आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. रखडलेल्या खटल्यांवर तो उपाय म्हणून सुचवला जातो. सौदा वाईटच असे नव्हे. पण सौद्यातला एक पक्ष अंधारात असेल, तर त्याला सौदा म्हणायचे कसे, हा अमेरिकेच्या अनुभवातून घेण्याजोगा धडा आहे.

परदेशी निघालेल्या मुलाला आपण विमानतळावर लोणच्याची बरणी देतो, थंडीचे कपडे देतो, पोहोचल्यावर फोन कर म्हणून सांगतो. त्याबरोबर आणखी एक सांगायला हवे. देव करो आणि तशी वेळ न येवो. पण आलीच, तर वकिलाला ‘शिक्षा किती होईल?’ एवढेच विचारून थांबू नकोस. ‘या सहीनंतर मला येथे राहता येईल का?’ हेही विचार. उत्तर ज्याला खरोखर ठाऊक आहे, त्याच्याकडून ते लेखी घे. आणि तोवर, कितीही सोपे वाटले तरी, कबूल म्हणू नकोस. मेम्फिसच्या न्यायालयात लीला न्यायाधीशांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि त्याने त्याचे खरे उत्तरही दिले होते. ते ऐकून तेथे कोणी थांबले असते, तर त्याची पुढची आठ वर्षे वाचली असती.